गोऱ्या पाटलाची मिशी

घेतलेलं भांडं परत करताना घासून द्यावं आणि रिकामं देऊ नये, एवढे दोन नियम पाळले की माणूस सभ्य गणला जातो, अशी नागसेनची श्रद्धा होती. आदिलाबादच्या एका सरकारी कचेरीत फायली पुढे सरकवण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला याहून मोठी श्रद्धा परवडतही नाही. पण याच श्रद्धेनं त्याचा घात केला. कारण या खेपेला परत करायची वस्तू भांडं नव्हती. च्युइंगमच्या पुडीतून निघालेलं, क्रिकेटपटूचं चित्र असलेलं, पत्त्याएवढं एक जुनं कार्ड होतं ते.

सुरुवात एका फोननं झाली. सोमवारी संध्याकाळी नागसेन भाजी निवडत बसला होता. म्हणजे बायको प्रतिभा निवडत होती आणि तो निवडलेली भाजी चुकून देठांत टाकत होता. तेवढ्यात फोन वाजला.

“हॅलो, नागसेन सर काय? मी भूषण बोलून राह्यलो. वांकिडीचा. वळखलं काय तुमी?”

ओळखलं काय! चाळीस वर्षांत हा आवाज फुटला होता, जाड झाला होता, पण शेवटचा शब्द ओढायची खोड तीच होती. आनंदाच्या भरात नागसेन नेमकं नको ते बोलला. “हो हो, बोला ना तुमी.”

भूषणच्या पुतणीचं सासर आदिलाबादेत. तिच्या मुलीचं बारसं रविवारी. बारसं आटोपून तो चहाला येणार होता. सगळं व्यवस्थित ठरलं, फोन ठेवला गेला, आणि नागसेन तसाच बसून राहिला. त्याला दोन शब्द टोचत होते. एक ‘सर’ आणि दुसरा ‘तुमी’. ज्यानं आपल्याला नाग्या सोडून दुसरं काही म्हटलं नाही, तो आपल्याला सर म्हणतो! आणि आपणही काय दिवे लावले? कार्डाचं तर त्यानं नावही काढलं नव्हतं.

“कोण होतं?” प्रतिभानं विचारलं.

“भूषण. त्याची बारी हाय,” नागसेन म्हणाला, आणि पलंगाखालची ट्रंक ओढायला लागला.

ही बारी काय, ते सांगायला हवं. वांकिडीत भूषणच्या वडिलांचं किराणा दुकान होतं आणि नागसेनची आई लोकांच्या शेतात कापूस वेचायची. दोघं एका बाकावर. एकदा दोघांत मिळून च्युइंगमची एक पुडी घेतली, त्यातून हे कार्ड निघालं. कुठल्याशा देशाचा एक गोरा खेळाडू, बॅट टेकून, छाती काढून उभा. त्याचं इंग्रजी नाव दोघांनाही वाचता येईना. एवढ्या ऐटीत गावात पाटलाशिवाय कोणी उभं राहत नसे, म्हणून त्याचं नाव पडलं गोरे पाटील. पण बिनमिशीचा पाटील बरा दिसत नाही, असं भूषणचं म्हणणं पडलं आणि त्यानं निळ्या पेनानं पाटलाला झुबकेदार मिशी काढून दिली. मग मालकीचा प्रश्न आला. दोघांनी शपथ म्हणून कार्डाचा एकेक कोपरा दातानं चावला आणि ठरवलं, या बाजारापासून त्या बाजारापर्यंत पाटील एकाकडे, पुढचा आठवडा दुसऱ्याकडे. बाजाराच्या दिवशी दुकानापुढं बारी बदलायची.

मग भूषणच्या वडिलांनी दुकान मोडलं आणि बिऱ्हाड चंद्रपूरकडे हलवलं. निघाले तेही बाजाराच्याच दिवशी. बारी भूषणची होती. पण त्या दिवशी नागसेन आईबरोबर कापसाच्या मापावर अडकला. माप झालं तसा तो कार्ड मुठीत धरून पळत सुटला. दुकानापुढं पोचला तेव्हा ट्रक गेला होता, आणि जिथं तो उभा होता तिथं गुळाच्या पोत्यातून सांडलेल्या गुळाला मुंगळे लागले होते. तेव्हापासून बारी भूषणची. आणि इतकी वर्षं पाटील मात्र नागसेनच्या ट्रंकेत, डिग्रीच्या सर्टिफिकेटाच्या मागे.

बाहेर काढलेला पाटील उजेडात पाहिला तेव्हा नागसेनला लाज वाटली. मधोमध घडी पडलेली, गालावर चहासारखा तपकिरी डाग, कोपरे कुरतडलेले. भूषण काय म्हणेल? दुसऱ्याची वस्तू अशी ठेवतात? घासून द्यायला पाहिजे.

मुलगी तेजस्विनी हैदराबादला नोकरीला. तिनं फोनवरच धसका घेतला. “बाबा, थांबा! काही लावू नका त्याले. जुनी कार्डं जमवणाऱ्यांचा एक ग्रुप हाय, मी इचारते.” तासाभरात तिथल्या जाणकारांचा निकाल आला. कोरड्या मऊ फडक्यानं धूळ पुसली तर चालते. पाणी नाही, रबर नाही, रंग नाही, कातर नाही. आणि काही केलंच तर पुढच्याला आधी सांगायचं, लपवलं तर ती फसवणूक. “धूळ पुसणं वेगळं बाबा, अन् खूण मिटवणं वेगळं,” तेजस्विनी म्हणाली. हे वाक्य नागसेनला फार आवडलं. आवडलेल्या उपदेशाचं आपण जे करतो तेच त्यानं केलं. पूर्ण एक दिवस पाळला.

चष्म्याच्या फडक्यानं त्यानं धूळ पुसली. धूळ गेली आणि डाग उठून दिसायला लागला. घरातही असंच होतं. एक भिंत पुसा, बाकीच्या तीन नावं ठेवायला लागतात.

मंगळवारी संध्याकाळी शेजारचे उत्तमराव आले. उत्तमराव महसूल खात्यातून रिटायर झाले होते, पण महसूल खातं त्यांच्यातून रिटायर झालं नव्हतं. त्यांनी कार्ड चष्म्याजवळ नेलं, उलटं केलं, सुलटं केलं.

“मूळ दस्तावर ही खाडाखोड कोणं केली?”

“खाडाखोड नाही काका, मिशी हाय ते.”

“सही कुठं हाय तिच्यापाशी? तारीख? नाही नं? मंग बिनाकायदा मिशी होय.” उत्तमरावांनी कार्ड खाली ठेवलं. “अन् द्यायचं कायले? चाळीस वर्षं कब्जा तुमचा. बारा वर्षं बिनतक्रार कब्जा असला तर जमीन नावावर होते, हे तर बोटभर कार्ड. मालक तुमीच.”

“काका, मले मालक नाही व्हायचं,” नागसेन म्हणाला. “मले त्याची बारी त्याले द्यायची हाय.”

हे उत्तर महसुलात बसत नव्हतं. पण शेजारधर्म म्हणून उत्तमरावांनी डागावर उपाय सांगितला. लिंबू आणि मीठ. तांब्याच्या भांड्याला चालतं ते पाटलाला का चालू नये? नागसेनला तेजस्विनीचं वाक्य आठवत होतं. पण गालावरचा डाग ही काही खूण नव्हती, नुसता डाग होता, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली. कापसाच्या बोळ्यानं, श्वास रोखून, त्यानं फक्त गालापुरतं लिंबू टेकवलं. डाग होता तिथंच राहिला. मिशीची निळी शाई मात्र जागी झाली. ती ओठावरून गालावर आली, गालावरून हनुवटीवर उतरली, आणि दोन मिनिटांत गोऱ्या पाटलाला निळी दाढी आली.

“मिठानं झालं ते,” उत्तमराव म्हणाले. “मीठ जास्त पडलं.” आणि ते आंघोळीला पाणी तापलं असेल म्हणून उठून गेले.

प्रतिभा शाळेतून आली, तिनं दाढी पाहिली. प्रतिभा सातवीला विज्ञान शिकवायची. शाईवर स्पिरिट, हे तिचं तत्काळ निदान. घरात कोरोनापासून उरलेली सॅनिटायझरची बाटली होती. नागसेननं मिशी सोडून, नुसती दाढी पुसायची ठरवली. पण दाढी कुठं संपते आणि मिशी कुठं सुरू होते, हे तिथं कोणालाच सांगता आलं नसतं. दाढी गेली. मिशी गेली. पाठोपाठ ओठ गेले, नाक गेलं, आणि डोळेही गेले.

नागसेन त्या कोऱ्या चेहऱ्याकडे पाहत राहिला. पुडी फोडल्या दिवशी भूषण दुकानाच्या पायरीवर बसून, जीभ बाहेर काढून, ती मिशी काढत होता. उजवी बाजू जास्त वर गेली म्हणून त्यानं डावी आणखी वर नेली होती. ती वाकडी मिशी आता जगात कुठंही नव्हती. प्रतिभा हळूच म्हणाली, “मायंच चुकलं.” त्यावर तो “नाही वं” म्हणाला, पण त्या रात्री दोघांनीही भाकरी अर्धीच खाल्ली.

कार्ड ओलं होऊन फुगलं होतं. घरगुती उपायांवर आता नागसेनचा विश्वास उरला नव्हता, त्याचा विश्वास फायलींवर होता. सरकारी फायलीखाली ठेवलेली वस्तू सपाट होतेच, माणसंसुद्धा झालेली त्यानं पाहिली होती. बुधवारी त्यानं कार्ड कचेरीत नेलं, दोन कोऱ्या कागदांत घातलं आणि जुन्या जाड फायलींच्या गठ्ठ्यात दडपलं. दुपारी तो जेवायला गेला आणि गठ्ठा आवक विभागात गेला. आवकच्या कारकुनाचा एकच धर्म, समोर येईल त्यावर शिक्का. पाटलाच्या पाठीवर तारखेसह गोल शिक्का बसला, नंबर पडला, आणि गोरे पाटील सुपरिंटेंडेंट मॅडमच्या टेबलावर हजर झाले.

मॅडमनी त्या बिननाकाच्या इसमाकडे बराच वेळ पाहिलं आणि तेलुगूत विचारलं, “एवरु ईयना? एम कावालट?” कोण हे, आणि यांना हवंय काय?

सगळी कचेरी नागसेनकडे बघायला लागली. एकदा आवक झालेली वस्तू निकाली काढल्याशिवाय परत देता येत नाही, हा नियम त्यानंच वर्षानुवर्षं लोकांना ऐकवला होता. आता तो त्याला ऐकवण्यात आला, आणि सगळ्यांनी तो अगदी मन लावून ऐकवला. अखेर ‘सदर इसमाची या कार्यालयाविरुद्ध कसलीही तक्रार नसल्याने प्रकरण बंद करण्यात यावे’ अशी टिप्पणी त्याला स्वतःच्या हातानं लिहावी लागली. शुक्रवारी संध्याकाळी पाटील सुटले. सपाट मात्र झाले होते.

शनिवारी सुट्टी. चेहरा तरी परत आणावा म्हणून नागसेन बस पकडून निर्मलला गेला. तिथं लाकडी खेळणी आणि चित्रं रंगवणाऱ्या एका कारागिरापुढं त्यानं कार्ड ठेवलं. कारागिरानं ते पाहिलं आणि नम्रपणे विचारलं, “साब, इनका मुँह किधर गया?”

नागसेननं आपल्या हिंदीत चेहऱ्याचं वर्णन केलं. नाक सरळ. डोळे जरा मिचमिचे, उन्हात उभं असल्यासारखे. कारागिराचा ब्रश झरझर फिरायला लागला. पण त्या ब्रशाला आयुष्यभर राजेराण्यांची आणि मोरांची सवय. मिचमिचे डोळे कमळाच्या पाकळीसारखे झाले, गालांवर लाली आली, बॅटीला सोनेरी काठ लागला.

“मूंछ डालूँ साब? मर्द को अच्छी दिखती.”

“नाही!” नागसेन इतक्या मोठ्यानं ओरडला की कारागिराच्या हातातला ब्रश थबकला. “मूंछ को हात नहीं लगाने का. वो दुसऱ्याची है.”

आठवडाभरात त्यानं कार्डाचं जे काही केलं होतं, त्यात एवढी एकच गोष्ट अशी होती की जिची त्याला लाज वाटली नाही. मिशी भूषणची. ती दुसऱ्या कोणी काढली तर ती नक्कल. पण या नैतिक विजयात तो जरा रमला, रंग वाळायची वाट बघत दोन मिनिटं डोळे मिटून बसला, आणि तेवढ्यात कारागिरानं खूश होऊन, वरची सेवा म्हणून, पट्टी लावून कार्डाचे चारही काठ सरळ कापले.

“अब देखो साब. एकदम नया.”

नागसेन गुडघ्यांवर बसला. जमिनीवर लाकडाचा भुसा, कागदाचे कपटे, रंगाच्या चिंध्या. त्यात दोन मुलांच्या दातांच्या खुणा असलेले दोन कोपरे कुठंतरी होते. कारागीरही बिचारा खाली बसून शोधायला लागला. काय शोधायचं ते त्याला माहीत नव्हतं. “सोने का कुछ गिरा क्या साब?” त्यानं विचारलं. नागसेननं मान हलवली. कोपरे सापडले नाहीत. परतीच्या बसमध्ये तो खिडकीशी बसला आणि आदिलाबाद येईपर्यंत त्यानं खिशातल्या पाटलाकडे एकदाही पाहिलं नाही.

रविवारी भूषण आला. गाडीतून उतरला तो टक्कल पडलेला, पोट सुटलेला, पांढऱ्या शर्टातला एक प्रतिष्ठित व्यापारी. नागसेननंही सकाळी मिशा काळ्या केल्या होत्या. दोघं एकमेकांपुढं उभे राहिले. मिठी मारावी की नमस्कार करावा, हे कोणालाच ठरवता आलं नाही, म्हणून दोघांनी हात मिळवले.

मग चहा झाला, पोहे झाले. तुमची शुगर कशी, आमची शुगर कशी. तुमचा मुलगा काय करतो, आमची मुलगी काय करते. प्रत्येक वाक्यात ‘तुमी’. पोह्यातले शेंगदाणे भूषण एका बाजूनं जपून चावत होता. त्याची कवळी होती. उत्तमराव शेजारधर्म म्हणून हजर होतेच. कार्डाचा विषय ना यानं काढला, ना त्यानं. नागसेनला वाटलं, हा विसरला. आपण इतकी वर्षं ट्रंक जपली आणि हा विसरूनही गेला.

भूषण उठला. चपला घालता घालता थांबला. “एक इचारायचं होतं तुमाले,” तो म्हणाला. “नाही, राहू द्या. लहानपणची गोष्ट हाय.”

“आणा नं आता!” प्रतिभानं नवऱ्याला आत ढकललं.

नागसेननं कार्ड आणून भूषणच्या हातात दिलं. भूषणनं ते उजेडात धरलं. लाल गाल, कमळाचे डोळे, सोनेरी बॅट.

“छान हाय,” तो म्हणाला. “कोण्या देवाचा फोटो हाय?”

“गोरे पाटील होत ते.”

भूषणचा चेहरा आधी फुलला आणि मग हळूहळू उतरला. त्यानं कार्ड उलटं केलं, कोपऱ्यांवरून अंगठा फिरवला. सगळे कोपरे काटकोनात. “हरवलं असंन तुमच्याकडून,” तो अगदी गोड आवाजात म्हणाला. “चालते सर. इतकी वर्षं कोण सांभाळते? तुमी मायासाठी नवीन करून घेतलं, हेच लय झालं.”

“नवीन नाही! तेच हाय!” नागसेननं सगळं सांगितलं. लिंबू सांगितलं, सॅनिटायझर सांगितलं, निर्मल सांगितलं. काही केलं तर पुढच्याला सांगायचं, हा जाणकारांचा नियम त्यानं अक्षरशः पाळला. पुरावा म्हणून पाठीवरचा शिक्का दाखवला. उत्तमरावांनी पंच म्हणून साक्ष दिली, आणि त्या साक्षीनं उरलासुरला विश्वासही गेला. भूषण सगळ्याला मान डोलवत होता, गिऱ्हाइकाला दुकानदार डोलवतो तशी.

“बरोबर हाय सर. तुमी म्हणता तर तेच असंन.”

मग मात्र नागसेनचा तोल गेला.

“अबे भुश्या! सर कोणाले म्हणून राह्यला बे? मापावरून धावत आलतो मी, पायात चप्पल नव्हती! तुया ट्रक गेलता! गुळाले मुंगळे लागलते तिथं! चाळीस वर्षं तुई बारी घेऊन बसलो हाय अन् तू मले म्हणते हरवलं असंन? तुले देताना चांगलं दिसावं म्हणून सत्यानाश केला त्याचा मी, पण हरवलं नाही बे, हरवलं नाही!”

भूषणनं चपला पायातून काढल्या आणि पुन्हा खुर्चीवर बसला.

“मागच्या फळीवर बसलतो मी ट्रकच्या,” तो म्हणाला. “रस्त्याचा मोड येईपर्यंत पाहून राह्यलतो, नाग्या येते काय म्हणून.” त्यानं डोळे पुसले. “आता वळखलं. कार्ड नाही वळखू येत, पण तुले वळखलं. पेन आण बे. निळा.”

प्रतिभानं वह्या तपासायचा पेन पुढे केला, तो लाल निघाला. निळा शोधेपर्यंत दोघंही नाकं पुसत होते. मग भूषणनं कार्ड मांडीवर घेतलं आणि जीभ जराशी बाहेर काढून मिशी काढली. उजवी बाजू वर गेली. त्यानं डावी आणखी वर नेली. मग कोपरा तोंडात घालून चावला. कवळी हलली, ती त्यानं अंगठ्यानं दाबून बसवली आणि पुन्हा चावला.

“रंग कडू हाय बे.”

“पण हे दात तर खोटे!” उत्तमरावांना राहवलं नाही. “ही खूण कायद्यात बसते काय?”

“दात खोटे हायेत काका,” नागसेन म्हणाला, “माणूस खराच हाय नं?” आणि त्यानं दुसरा कोपरा चावला.

भूषणनं कार्ड शर्टाच्या खिशात ठेवलं, वरून हात दाबला. “बारी मायी होती,” म्हणाला, आणि निघाला. प्रतिभानं धावत जाऊन त्याच्या हातात एक स्टीलचा डबा दिला, करंज्यांनी भरलेला. गाडी वळली. नागसेन फाटकाला धरून तसाच उभा राहिला. इतकी वर्षं ट्रंकेत काहीतरी होतं, आज ती ट्रंक रिकामी झाली होती, आणि त्याला वाटलं होतं त्याच्या अगदी उलट झालं. सुटल्यासारखं वाटलं नाही. आताच कोणीतरी पुन्हा दूर गेल्यासारखं वाटलं.

“दिलं नं एकदाचं?” प्रतिभा मागून म्हणाली. “मंग रडून काऊन राह्यले?”

“पुढची बारी मायी हाय,” नागसेन म्हणाला. “तो येते का नाही, कोणाले माहीत.”

“येते.”

“कायवरून?”

“डबा माया माहेरचा हाय. मायं नाव कोरलेलं हाय त्याच्यावर, लिंबानं निघत नाही ते,” प्रतिभा म्हणाली. “तो कार्ड इसरंन एखाद्या वेळी. पण त्याची बायको दुसऱ्याचा डबा घरात ठेवू देईन काय? घासून, भरून पाठवंन ते त्याले.”

नागसेननं डोळे पुसले, नाक पुसलं. बोटांना मिशीचा काळा रंग लागला. तो हात त्यानं पाठीमागे लपवला आणि विचारलं, “वांकिडीचा बाजार आता कोण्या दिवशी भरते वं?”